मृग पाहून मल्हार

काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातली एक संध्याकाळ माझ्या मनातून जात नाही. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी मृग आणि आर्द्रा ही दोन्ही नक्षत्रे कोरडी गेली होती. एका हलक्या सरीवर उगवून आलेली कपाशी करपली होती आणि दुबार पेरणीचे बियाणे कोठून आणावे, याची चर्चा प्रत्येक ओट्यावर चालू होती. वडील शेतातून आले, हातपाय धुऊन नेहमीप्रमाणे रेडिओजवळ बसले. एका केंद्रावरून वर्षाऋतूनिमित्त शास्त्रीय संगीताचा विशेष कार्यक्रम सुरू झाला होता. बाहेर पाऊस कोसळतो आहे, मातीचा गंध दरवळतो आहे आणि अशा कुंद हवेत आपण मियाँ मल्हार हा पावसाचा राग ऐकणार आहोत, असे निवेदन झाले. गायन उत्तम होते. वडिलांनी दोनेक मिनिटे ऐकले, आवाज अगदी बारीक केला आणि म्हणाले, "गानं चांगलं शे, पन आज नको."

रागसंगीताचे शिक्षण त्यांनी कधी घेतले नव्हते. तरीही मल्हार आणि पाऊस यांचे नाते त्या संध्याकाळी त्यांनी कार्यक्रम आखणाऱ्यापेक्षा अधिक गांभीर्याने घेतले, असे मला आजही वाटते. ज्याला पाऊस म्हणजे नुसती सजावट वाटते, त्याला मल्हार केव्हाही चालतो. पावसावर ज्याचे वर्ष उभे आहे, त्याला तो कोरड्या आभाळाखाली सोसत नाही. त्या वाक्याने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला आणि त्याचे माझे उत्तर आता निश्चित झाले आहे. रेडिओवर शास्त्रीय संगीताचे ऋतुविशेष कार्यक्रम असावेत, आज आहेत त्याहून अधिक असावेत. मात्र ज्या मुलखात ते ऐकले जातात त्या मुलखाचा ऋतू पाहून ते ठरावेत, आणि ते ठरवण्याचा अधिकार व त्यासाठी लागणारी माणसे त्या मुलखातल्या केंद्राकडे असावीत.

रागसंगीत आणि घड्याळ यांचा मेळ सामान्य घरात घातला तो रेडिओने. रागांच्या वेळांची परंपरा जुनी आहे आणि संगीतशास्त्राचे अभ्यासक पंडित भातखंडे यांनी तिला आठ प्रहरांच्या हिशेबात नीट बसवले. परंतु राजाश्रय गेल्यानंतर मैफल ही बहुतांशी संध्याकाळची आणि रात्रीची गोष्ट होऊन बसली. नाट्यगृहे संध्याकाळी उघडतात, श्रोते कामावरून सुटल्यावर येतात, त्यामुळे यमन, पूरिया, बागेश्री, दरबारी यांना श्रोते मिळतात आणि तोडी, भीमपलासी, मुलतानी, सारंग यांना मिळत नाहीत. आकाशवाणीच्या सकाळच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या सभांनी, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांनी, ही उणीव भरून काढली. 1952 साली सुरू झालेला शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि 1954 पासूनचे आकाशवाणी संगीत संमेलन यांचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. तथापि माझ्या मते त्याहून मोठे काम दुपारच्या सभेत लागणाऱ्या अर्ध्या तासाच्या सारंगाने केले आहे, कारण खानदेशातल्या एखाद्या खेड्यात भर दुपारी दुपारचा राग ऐकण्याची दुसरी कोणतीही सोय कधीच नव्हती. जळगावला आकाशवाणीचे केंद्र आले तेव्हा हा लाभ आपल्या घरापर्यंत आला. प्रहर पाळणाऱ्या माध्यमाने ऋतूही पाळावा, ही अपेक्षा त्याच वाटेने पुढे जाणारी आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. रागात ऋतू असतो कोठे? ज्याला कोणी कधी सांगितलेच नाही, त्याला मल्हारात पाऊस ऐकू येईल काय? कर्नाटक संगीतात रागांच्या वेळेचे आणि ऋतूचे बंधन आपल्याइतके मानले जात नाही, आणि त्यामुळे त्या संगीताचे काही अडलेले नाही. युरोपातले एक उदाहरण तर फारच बोलके आहे. हॅन्डेल या संगीतकाराची 'मसाया' ही रचना प्रथम 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात सादर झाली. आज पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या अनेक वाहिन्या ती नाताळचे संगीत म्हणून डिसेंबरात वाजवतात आणि बहुसंख्य श्रोत्यांना ती तशीच माहीत आहे. म्हणजे ऋतू हा संगीतात नसून सवयीत असतो, असे कोणी म्हणाले तर त्याचे म्हणणे निराधार ठरत नाही.

मला ते मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याच ठिकाणी सुरू होतो. रागाचे ऋतूशी असलेले नाते हा संकेत आहे. भाषेतल्या शब्दाचे अर्थाशी असलेले नातेही संकेताचेच असते, म्हणून आपण त्याला खोटे म्हणत नाही. मात्र शब्द चुकीच्या ठिकाणी वारंवार वापरला गेला की त्याचा अर्थ झिजतो, हे आपण जाणतो. मल्हाराचेही तसेच आहे. पाऊस पडत असताना पिढ्यान्‌पिढ्या तो ऐकला गेला म्हणून त्यात पाऊस साठला. कोरड्या जुलैत 'बाहेर पाऊस कोसळतो आहे' असे सांगून तो लावला की साठवणीतला थोडा पाऊस आपण खर्चून टाकतो. संकेत दुर्बळ असतो म्हणूनच तो जपावा लागतो.

हा संकेत किती सूक्ष्म आहे, हे दोन रागांवरून दाखवता येते. मधमाद सारंग आणि मेघ या दोन्ही रागांत गंधार आणि धैवत वर्ज्य आहेत, म्हणजे लागत नाहीत. षड्ज, रिषभ, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद हे पाचच स्वर दोन्हींत लागतात. पेटीवर पट्ट्या दाबून दाखवल्या तर दोन राग वेगळे आहेत हेही नवख्याला कळणार नाही. परंतु पहिला माध्यान्हीचा राग आहे आणि दुसरा पावसाचा. सारंगातला रिषभ सरळ, उघडा आणि लांब उभा राहतो, वैशाखातल्या दुपारच्या रस्त्यासारखा. मेघात तोच रिषभ मध्यमाचा स्पर्श घेऊन डोलतो, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात गमकांचा, म्हणजे स्वरांच्या जोरकस हेलकाव्यांचा, भार येतो आणि त्याच पाच स्वरांवर आभाळ उतरून आल्यासारखे वाटते. स्वर बदलले नाहीत, उच्चार बदलला. रोहिणीच्या शेवटी जी जमीन भेगाळलेली असते, मृगात तीच जमीन भिजते. एखाद्या जाणत्या कार्यक्रम अधिकाऱ्याने मे महिनाभर दुपारच्या सभेत मधमाद सारंग ऐकवला, आणि पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी मेघ लावून दोनच वाक्यांत हे नाते सांगितले, तर ज्याने शास्त्रीय संगीत म्हणून कधी काही ऐकले नाही त्यालाही राग म्हणजे काय हे उमगेल. हे शिक्षण पुस्तकातून देता येणार नाही आणि ऑगस्टच्या ठरावीक तारखेलाही देता येणार नाही. त्यासाठी कोणीतरी खिडकीबाहेर पाहिले पाहिजे.

खिडकीबाहेर पाहिले की खानदेशात प्रथम दिसतो तो उन्हाळा. जळगाव आणि भुसावळ येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, दुपारी बाजारपेठा ओस पडतात, केळीच्या बागांना उन्हापासून वाचवण्यासाठी कडेने आडोसे उभे करावे लागतात. आपल्या वर्षातला सर्वांत प्रभावी ऋतू हाच आहे आणि ऋतुविशेष संगीत कार्यक्रमांत नेमका तोच नसतो. एका जुन्या मताप्रमाणे सहा रागांना सहा ऋतू वाटून दिलेले होते: हिंडोल वसंताचा, दीपक ग्रीष्माचा, मेघ वर्षेचा, भैरव शरदाचा, श्री हेमंताचा आणि मालकंस शिशिराचा. प्रत्यक्ष गाण्यात यांपैकी दोनच ऋतू टिकले, वसंत आणि वर्षा. दीपक गायला जात नाही म्हणावे इतका दुर्मीळ झाला, आणि ग्रीष्माला राग उरला नाही, असे मानून कार्यक्रम आखणारे मार्चनंतर थेट जूनवर येतात. खानदेशातल्या केंद्राला तसे करता येऊ नये. आपल्या उन्हाळ्यासाठी सारंगाचे सगळे कुळ आहे: दोन्ही निषाद घेणारा वृंदावनी सारंग, दोन्ही मध्यम घेणारा शुद्ध सारंग, मधमाद सारंग, आणि नाव सारंगाचे असूनही कल्याण थाटात, म्हणजे कल्याणच्या स्वरगटात, बसणारा गौड सारंग. दुपारच्या सभेत चैत्र-वैशाखभर यांची मालिका चालवली, तर खानदेशाच्या उन्हाला त्याचे स्वतःचे संगीत मिळेल. मी लहानपणी लिंबाखाली खाटेवर पडून वृंदावनी सारंग ऐकलेला आहे. त्या रागाने ऊन कमी होत नाही, परंतु दुपारला एक रूप येते आणि तिच्याकडे शत्रूसारखे पाहण्याची सवय सुटते.

आता पाऊस. उत्तरेच्या बंदिशींमधला पाऊस ब्रज भाषेतला आहे. त्यात पपीहा पक्षी आहे, दादुर म्हणजे बेडूक आहे, मोर आहे आणि सावनातला झूला आहे. त्या बंदिशी अप्रतिम आहेत आणि त्यांच्या जागी काहीतरी मराठी बसवावे असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्याकडच्या श्रोत्याला हे कोणी सांगत नाही की झोक्याची त्याची स्वतःची आठवण वेगळ्या ऋतूतली आहे. खानदेशात झोके बांधले जातात ते आखाजीला, म्हणजे वैशाख शुद्ध तृतीयेला, ऐन उन्हात. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. शेतीचे जुने वर्ष संपते, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्याचे, नवे साल सुरू होते. त्यामुळे सावनातल्या झूल्याची बंदिश लागते तेव्हा आमच्याकडच्या बाईच्या मनात वैशाख जागा होतो. यात अडचण काहीच नाही. उलट एकाच झोक्याचे दोन मुलुखांत दोन ऋतू कसे झाले, हे सांगण्याची ती उत्तम संधी आहे आणि ती साधायला स्थानिक निवेदकच हवा, कारण दुसऱ्या शहरातल्या निवेदकाला आखाजी ही पंचांगातली एक तिथी वाटेल.

शेतकऱ्याच्या लेखी पाऊसही एक नसतो. पुनर्वसूतल्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्यातल्या पावसाला म्हातारा. हस्ताचा पाऊस गडगडाट करीत येतो म्हणून तो हत्तीचा पाऊस. मल्हारही एक नाही. मेघ आहे, शुद्ध गंधारामुळे प्रसन्न वाटणारा गौड मल्हार आहे, आंदोलित कोमल गंधार आणि दोन निषादांच्या लपंडावामुळे गंभीर झालेला मियाँ मल्हार आहे, सूर मल्हार आणि रामदासी मल्हार आहेत. नक्षत्रांशेजारी मल्हार ठेवून पाहण्याची कल्पना मला फार दिवसांपासून खुणावते आहे. मृगाला मेघ, तरण्या पावसाला गौड मल्हार, झडीच्या दिवसांना मियाँ मल्हार, असे काही. याला शास्त्राचा आधार नाही आणि तसा दावाही कोणी करू नये. एका केंद्राने आपल्या श्रोत्यांच्या कालगणनेशी जुळवून घेतलेली ती एक रीत असेल. रीत दहा-पंधरा वर्षे निष्ठेने पाळली गेली की तिला वजन येते, हे 'मसाया'च्या उदाहरणावरून दिसलेच आहे.

येथे कोणी म्हणेल की मग कानबाईची गाणी, भुलाबाईची गाणी, 'धोंडी धोंडी पाणी दे' असे म्हणत दारोदार जाणाऱ्या मुलांचे मागणे, हे सगळे शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात आणायचे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु एका अटीवर. लोकगीत हे तोंडी लावण्यापुरते, तीस सेकंद वाजवून मागे सारायचे नसावे. सातपुड्यापलीकडे, देवासला राहून कुमार गंधर्वांनी हे काम कसे करायचे ते दाखवून दिले आहे. त्यांनी माळव्याची लोकगीते वर्षानुवर्षे ऐकली, टिपून घेतली, त्यांतल्या धुनांतून राग उगवताना पाहिले आणि नवे रागही बांधले; ऋतूंना वाहिलेल्या त्यांच्या मैफलींत बंदिशी आणि लोकधुना एकमेकींशेजारी बरोबरीच्या मानाने बसत. ऋतुविशेष कार्यक्रम म्हणजे वरवरची कलाकुसर, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या मैफलींमागचा अभ्यास आठवावा. माळव्यापासून खानदेश फार लांब नाही. अहिराणी गीतांच्या चालींचा असा अभ्यास आपल्याकडे अजून पुरेसा झालेला नाही, आणि ज्या संस्थेकडे ध्वनिमुद्रणाची साधने आणि खेडोपाडी जाण्याचे निमित्त दोन्ही आहेत, त्या संस्थेने तो करावा हे स्वाभाविक आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी घरोघर चालतात. त्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांतली चार गाणी पूर्ण, न कापता ऐकवावीत आणि त्यांच्या स्वरांची जवळीक ज्या रागाशी दिसेल तो राग जाणकार गायकाकडून पुढे गाऊन घ्यावा. श्रोते ते ऐकतील याविषयी माझ्या मनात शंका नाही.

हिवाळ्याविषयी मी थोडेच सांगतो, कारण त्या ऋतूत आपल्याकडे संगीताची उणीव तशी कमी आहे. जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो, बाहेरगावचे कलावंत येतात, लोक शाली पांघरून ऐकायला बसतात. केंद्राने त्या दिवसांत सायंकाळी श्री, मारवा, पूरिया यांना जरा अधिक वेळ द्यावा, शेतात भरीताची चूल पेटलेली असताना कोणी मोबाइलवर ते ऐकत असेल याचे भान ठेवावे, एवढे पुरे.

खरा प्रश्न अधिकाराचा आहे. 26 जानेवारी 2016 पासून आकाशवाणीने 'रागम्' ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही पद्धतींचे उत्तम संगीत तीवर ऐकायला मिळते आणि मी स्वतः तिचा नियमित श्रोता आहे. परंतु साऱ्या देशासाठी असलेल्या वाहिनीने ऋतू पाळायचा तो कोणाचा? केरळात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 1 जूनला येतो. आमच्याकडे यायला जूनचा मध्य उजाडतो आणि पुष्कळदा तोही ओलांडला जातो. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला. एकच कार्यक्रमपत्रक या तिघांनाही खरे वाटेल असे करता येत नाही. ऋतू ही गोष्ट स्वभावतःच स्थानिक असल्यामुळे ऋतुविशेष कार्यक्रम हे स्थानिक केंद्राचेच काम आहे, आणि ज्या काळात मोठ्या शहरांतून होणारे सहक्षेपण, म्हणजे तिथलाच कार्यक्रम जसाच्या तसा पुढे प्रसारित करणे, वाढत जाते व स्थानिक सभांचा वेळ आकसत जातो, त्या काळात हे काम करायला कोणी उरत नाही. छोट्या केंद्रांच्या बाजूने बोलताना आपण सहसा शेतीविषयक कार्यक्रम आणि स्थानिक बातम्या यांचा दाखला देतो. शास्त्रीय संगीत मात्र सर्वत्र सारखेच, ते कोठूनही पाठवले तरी चालते, असे आपणही गृहीत धरतो. ते गृहीतच मला चुकीचे वाटते.

व्यवहारात हे अवघड आहे असे सांगितले जाईल. कार्यक्रमपत्रक आठवड्यांआधी ठरते, कलावंतांशी करार आधी होतात, निवेदन आधी लिहून मंजूर होते. या अडचणी खऱ्या आहेत, तरी त्यांतून मार्ग निघतो. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातला एक तास केंद्राने राखून ठेवावा आणि त्या तासासाठी दोन ध्वनिमुद्रणे तयार असावीत: पाऊस झाला तर एक, न झाला तर दुसरे. निवडीचा अधिकार त्या दिवशी कामावर असलेल्या अधिकाऱ्याला असावा. निवेदन मुद्रित नसावे. नैमित्तिक उद्घोषकाने ते त्याच वेळी, जे घडले आहे ते पाहून करावे. खानदेशातही पाऊस सारखा नसतो, हेही लक्षात घ्यावे लागेल. धडगाव आणि अक्कलकुवा येथे सातपुड्यात झड लागलेली असताना शिंदखेडा, अमळनेर, पारोळा कोरडे राहू शकतात. मग निवेदकाने तसेच सांगावे: डोंगरात पाऊस आहे, तापीच्या अलीकडे अजून नाही. एवढे एक वाक्य बोलले गेले, तर कोरड्या गावातला श्रोता आवाज बारीक करणार नाही, कारण आपण कोठे उभे आहोत हे रेडिओला माहीत आहे, असे त्याला जाणवेल.

हवा तो राग मोबाइलवर हव्या त्या क्षणी ऐकता येत असताना हे सगळे कशासाठी, असे तरुण मित्र विचारतात. मोबाइलवरचा मेघ मी मागितल्यावर येतो. रेडिओवरचा मेघ मी न मागता येतो, आणि तो चोपड्यात, साक्रीत, मुक्ताईनगरात त्याच क्षणी येतो. पावसाचाही स्वभाव हाच आहे.

पावसात खंड पडलेल्या वर्षी केंद्राने काय लावावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मल्हार लावू नये, हे वडिलांनी सांगितलेच होते. दुपारी सारंगच चालू ठेवावा, जुलै उजाडला असला तरी, कारण आभाळ अजून वैशाखातलेच आहे. संध्याकाळी मारवा लावावा. त्यात षड्जावर विसावणे लांबत जाते आणि ती अस्वस्थता त्या दिवसांत प्रत्येक घरात असते. आणि ज्या संध्याकाळी ढग खरेच उतरतील, त्या संध्याकाळी ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून मेघाचे विलंबित, म्हणजे संथ लयीतले गायन, लावावे, निवेदकाने फक्त रागाचे आणि कलावंताचे नाव सांगावे. आमच्या घरी त्या वर्षी पाऊस 27 जुलैला रात्री आला. वडील उठून अंगणात गेले, भिजून परत आले, आणि त्यांनी रेडिओ लावला तेव्हा सभा संपलेली होती.